अर्ध्या तासाच्या बाहेरचं

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र का, तर बाबांनी काही दिवस मोबाईल बघायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे दादालाच मोठ्याने वाचून दाखवावं लागणार. दादा, मधलं काही गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

तब्येत उत्तम. झोपही होते. व्हिसा आणखी तीन वर्षांसाठी वाढून आला, तेव्हा ती काळजी यादीतून काढा. ऑफिसचं रोजचं तेच आहे, ते परत लिहीत नाही.

आता मामांच्या ओळखीतल्या त्या मुलाचं. "सल्ला विकणाऱ्या कंपन्यांत माणसाला पिळून घेतात, मी आठ महिन्यांत सोडलं" असं तो म्हणाला आणि तेव्हापासून आईचा आवाज बदललाय. आई, तो खोटं बोलत नाही. पण तो विक्रीत होता, मी संशोधनात आहे. एकाच इमारतीत दोन वेगळी गावं असतात ही. कोणते संगणक, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याच्या सल्ल्यासाठी आमचे ग्राहक वर्षाची वर्गणी आधी भरतात आणि वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षी राहायचं की नाही ते ठरवतात. ग्राहक सोडून गेला तर तो विक्रीवाल्याच्या आकड्यातून वजा होतो. तिमाही संपताना त्यांच्या मजल्यावर गेलं तर कोणी मान वर करून बघत नाही. आमच्याकडे तसं नसतं. म्हणजे मोजतात आम्हालाही: वर्षात किती अहवाल लिहिले, किती कॉल घेतले, कॉलनंतर ग्राहकाने किती गुण दिले. पण गुण माझे चांगले आहेत. शाळेतही होते, बाबा साक्षीदार आहेत.

बाबांचा प्रश्न वेगळा होता: "पैसे घेता आणि परत निःपक्षपाती म्हणवता, हे कसं?" बाबा, हा धंदा आजचा नाही. गिडियन गार्टनर हे वॉल स्ट्रीटवर आयबीएम या संगणक कंपनीचा अभ्यास करायचे. त्यांनी १९७९ मध्ये असा सल्ला देणारी, आपल्या नावाची कंपनी काढली. १९८३ मध्ये तशीच दुसरी, फॉरेस्टर आली. यंत्रं विकणारा आपलंच यंत्र चांगलं म्हणणार, तेव्हा विकत घेणाऱ्याला सांगणारा तिसरा कोणीतरी हवा, इतकी साधी गोष्ट. आमची कंपनी त्यांच्याहून खूप लहान आहे, पण रीत तीच.

तरी शंका रास्त आहे, कारण यंत्रं विकणारेही आमचे ग्राहक असतात. आम्ही एक तक्ता काढतो, चार चौकटींचा, भूमितीतले दोन अक्ष घेऊन. त्यात प्रत्येक कंपनी म्हणजे एक ठिपका. छापण्याआधी मसुदा त्या कंपन्यांना दाखवावा लागतो, चुकीची माहिती गेली नसेल ना म्हणून. मग फोन सुरू होतात. ठिपका जरा उजवीकडे सरकेल का? जरा वर? मागच्या महिन्यात एका कंपनीचे सात जण एका कॉलवर आले होते, एका ठिपक्यासाठी! ठिपका आहे तिथेच राहिला. माझ्या वरिष्ठांनीही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्हाला लिहिलं नसतं, हेही खरं. आणि दादा, शेअरचं मला विचारायचं नाही. ज्या कंपन्यांवर मी लिहिते त्यांचे शेअर मला घेता येत नाहीत, आणि तुला कानात सांगणं तर त्याहून वाईट.

एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही, ती नीट सांगते. इथे सगळं अर्ध्या तासात चालतं. ग्राहक प्रश्न पाठवतो, आमचं कॅलेंडर बघून वेळ ठरते, तीस मिनिटं. पहिली दोन हवापाण्याची. मग तो आपली अडचण मांडतो, मी बाकीच्यांनी काय केलं ते सांगते, नावं न घेता. पंचविसाव्या मिनिटाला मी म्हणते, "आपल्याकडे पाच मिनिटं आहेत." तिसाव्याला दोघं आभार मानतात आणि स्क्रीन काळी. वाक्य अर्धं राहिलं तरी कोणाला राग येत नाही. लगेच पुढचा, दुसऱ्या देशातला, दुसऱ्या अडचणीचा. दिवसात असे सहा-सात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी बाईसुद्धा मला काही विचारायचं असेल तर तासभर आधी निमंत्रण पाठवते, आणि मग आम्ही दोघी खुर्च्या फिरवून बोलतो. पहिल्या वर्षी मी तिला नुसती हाक मारली होती. ती दचकली.

एवढ्या कॉलमधून मला एक कळलं. माणसं ठरवून आलेली असतात. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हा त्यांचा प्रश्न नसतोच. खरा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत येतो: हे फसलं तर माझं काय होईल? एकजण अठ्ठाविसाव्या मिनिटाला म्हणाला की हा प्रकल्प संपला की त्याचा विभागच बंद होणार आहे. मी म्हटलं, "सांगितल्याबद्दल धन्यवाद, पुन्हा वेळ घ्या." त्याने मला पूर्ण गुण दिले.

बाबा, त्या रविवारी तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात, "डोळ्याचं जरा बघायचं चाललंय." मी म्हटलं, "हो हो, बोलू नंतर." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मला चार दिवसांनी दादाकडून कळलं. त्या आठवड्यात खरंच खूप कॉल होते, वार्षिक परिषद तोंडावर होती, आणि तुम्हीही स्पष्ट बोलला नाहीत. मी कॅलेंडर उघडून पाहिलं, त्या गुरुवारी मी काय करत होते ते. ते लिहीत नाही. आई म्हणते मी घड्याळ लावून फोन करते. लावत नाही गं. आता तसं होतं आपोआप.

थेंब वेळेवर घाला. डोळा चोळू नका.

एआयने माझी नोकरी जाईल का, हे दादाने तीनदा विचारलं. ग्राहकही विचारतात, मलाच! अहवाल यंत्र लिहील, लिहितंच आहे. पण "तुम्ही बरोबर करताय" हे यंत्राने म्हटलेलं अजून कोणाला पुरत नाही. यंदा आमच्याकडे काही माणसं कमी केली, माझ्या चमूतला एक गेला. त्याच्या ग्राहकांचे कॉल आता माझ्याकडे येतात, म्हणजे माझी गरज वाढली असंच धरा.

पैशाचं: बोनस थोडा कमी आला, पण दर महिन्याला येतं तेवढंच येईल. शिक्षणाच्या कर्जाचे चार हप्ते उरलेत. ऑपरेशनसाठी एफडी मोडली असेल तर मला सांगा, आणि मोडली नसेल तर मोडू नका. डिसेंबरला यायचं म्हणाले होते, ते जमत नाहीये. रागावू नका. मार्चमध्ये नक्की, तीन आठवडे, रजा टाकलीय.

ता. क. दादाने विचारलं होतं, आमच्यात "अमुक सालापर्यंत, शक्यता ०.८" अशी भाकितं लिहितात, तर माझ्या लग्नाचं काय भाकीत. तर बाबांनी ज्या मुलाचा नंबर पाठवला होता आणि मी "बघते" म्हणून विषय संपवला होता, त्याच्याशी मी बोलले. दोनदा. पहिल्यांदा पन्नास मिनिटं, दुसऱ्यांदा मोजली नाहीत. अजून कोणाला काही सांगू नका, आत्याला तर नाहीच. मार्चमध्ये तोही येणार आहे.

तुमची,
चिऊ