पाककृतीखाली मुलांसाठीही दोन ओळी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांना कष्टाची किंमत नाही, ताटात आलेलं आपोआप आलं असंच त्यांना वाटतं, ही तक्रार वाचकांच्या पत्रांत नेहमी दिसते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: जेवायला बसताना आभार मानायला लावा, विसरलं तर ‘थँक्यू म्हण’ अशी आठवण करा. दुसरीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पाककृती भरभरून येतात, पण त्या लिहिलेल्या असतात फक्त मोठ्यांसाठी. या दोन्हींची सांगड घालता येईल असं मला मनापासून वाटतं. म्हणून विनंती सुरुवातीलाच करते. प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळी वाढवाव्यात. पहिल्या ओळीत यातलं कोणतं काम कोणत्या वयाचं मूल करू शकेल ते असावं, आणि दुसरीत कोणत्या कामाच्या वेळी मुलाला लांब ठेवायचं ते.

आभाराचे शब्द मुलं लवकर उचलतात, पण कृतज्ञता वाटायला तीन गोष्टी उमजाव्या लागतात. समोरच्याने हे मुद्दाम माझ्यासाठी केलं, त्यासाठी त्याचा वेळ गेला किंवा श्रम पडले, आणि त्याचा मला उपयोग झाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या शाळकरी मुलांना नेमका या तीन गोष्टींचा विचार करायला शिकवलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची कृतज्ञता वाढलेली दिसली. त्याहून लहान मुलांचं अडतं ते बहुतेक दुसऱ्या गोष्टीपाशी. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं. त्याआधी ‘आई दमली आहे’ हे वाक्य मूल म्हणून दाखवेल, पण त्यातलं दमणं त्याला दिसत नाही. वाटीभर मटार सोलताना स्वतःची बोटं दुखली, की मग ते कळतं. म्हणून आधी हाताला काम आणि नंतर तोंडी शब्द, हा क्रम मला योग्य वाटतो.

मदतीची ओढ मुलांत मुळातच असते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अवघ्या १८ महिन्यांची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेला कपड्यांचा चिमटा उचलून देत होती, त्याचे दोन्ही हात भरलेले असताना कपाटाचं दार उघडून देत होती. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकीही नव्हती. त्याच दोघांच्या २००८ च्या प्रयोगात २० महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस दिलं, त्यांची मदत बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी झाली. घरात यातून दोन गोष्टी पाळाव्या लागतात. मटार सोलल्याबद्दल चॉकलेट नको, आणि दोन वर्षांचं मूल ओट्याशी घुटमळू लागलं की ‘तू जा, खेळ’ हे उत्तर रोज नको.

पण मुलाला काम द्यायचं म्हणजे काय, इथे बऱ्याच घरांची गाडी अडते. संध्याकाळी सगळे भुकेलेले असताना अख्खा पदार्थ मुलासोबत करायला घेतला, तर तो फसणारच. भुकेलं मूल काम करत नाही, रडतं. घाई नसेल अशी वेळ निवडावी, आणि पदार्थातली एकच पायरी मुलाकडे द्यावी. तीन वर्षांचं मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटं रमलं तरी पुष्कळ.

दोन वर्षांच्या मुलाला पालेभाजीची पानं खुडायला, बटाटे पाण्यात चोळून धुवायला, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात तांदूळ भरायला द्यावं. मटार मात्र या वयात नकोत. गोल, टणक आणि छोटी वस्तू नाकात किंवा घशात जाते. मटार सोलणं चौथ्या वर्षापासून, तेही बसून आणि कुणीतरी समोर असताना. शेंगेचं टोक अंगठ्याने दाबलं की शिवण उकलते. ही खुबी एकदा हातात धरून दाखवली की पुढे मूल आपलं आपण करतं. उकडलेला बटाटा कुस्करणं तीन वर्षांच्या मुलाला छान जमतं, पण बटाटा आतून पूर्ण निवला आहे ना, हे आधी मोडून बघावं. वरून गार लागलेला बटाटा मध्ये बराच वेळ कढत राहतो.

पीठ मळण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी इतकं भरीव काम स्वयंपाकघरात दुसरं क्वचितच सापडेल. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठाला साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे चार मोठे चमचे पाणी पुरतं. दळण जाडसर किंवा कोंडा जास्त असेल तर पाचवा चमचा लागतो. मुलाच्या हाती तांब्या दिला की सगळं पाणी एकदम पडतं. मग बाहेर चिकट चिखल आणि आत कोरड्या गुठळ्या, मूल वैतागतं आणि मोठे माणूस भांडं ओढून घेतं. म्हणून वाटीत मोजून तेवढंच पाणी ठेवावं आणि एकेक चमचा घालायला सांगावं. भांड्याखाली ओलं फडकं घातलं की ते सरकत नाही. बोटांना चिकटलेलं पीठ पाण्याने धुवायला गेलं तर आणखी चिकट होतं, त्यापेक्षा कोरडं पीठ चोळलं की सुटून येतं. पाच-सात मिनिटं मळून झाल्यावर गोळा ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवावा. तेवढ्या वेळात पीठ पाणी शोषतं आणि नरम पडतं. मुलाने मळलेला खडबडीत गोळाही या विश्रांतीनंतर बराच सुधारतो, हे मुलाला हात लावून बघू द्यावं. कच्चं पीठ चाखू मात्र देऊ नये. ते शिजवलेलं नसतं, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कच्च्या अंड्याचंही तेच.

अंडं फोडणं पाच वर्षांच्या मुलाला जमतं. भांड्याच्या काठावर न आपटता सपाट ओट्यावर आपटावं, म्हणजे कवचाचे तुकडे आत ढकलले जात नाहीत. फोडावं वेगळ्या वाटीत. तुकडा पडलाच तर बोट ओलं करून उचलला की येतो. नंतर साबणाने २० सेकंद हात धुवायचे, आणि ते मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून बघायचं.

चिरण्याची सुरुवात केळं आणि उकडलेला बटाटा अशा मऊ वस्तूंनी, लोणी लावायच्या बोथट सुरीने करावी. खरी धारदार सुरी सात-आठ वर्षांपासून, मोठे माणूस बाजूला असताना. कडक भाजीसाठी बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण जोर लावावा लागतो आणि सुरी घसरते. गोल भाजी आधी मोठ्या माणसाने अर्धी करावी आणि सपाट बाजू खाली ठेवून मुलाकडे द्यावी. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळलेली हवीत. मिरच्या मुलांकडे द्यायच्याच नाहीत. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की आग होते. चुकून हात लागलाच तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावा.

जागेचा प्रश्न बहुतेक घरांत विचारातच घेतला जात नाही. ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतो आणि तीन वर्षांचं मूल ९५ सेंटिमीटरच्या आसपास. मग त्याला खुर्चीवर उभं करतात. मूल पुढे झुकतं, खुर्ची मागे सरकते. त्यापेक्षा शेगडीपासून दूर, जमिनीवर परात किंवा पाट घेऊन काम मांडावं. बसलेल्या मुलाला तोल सांभाळावा लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात.

शेगडीभोवती एक मीटरचा पट्टा मुलांना बंद. जमिनीवर रंगीत टेप चिकटवली तर तीन वर्षांच्या मुलालाही हद्द समजते. भांड्यांचे दांडे आत वळवलेले, कढत भांडं मागच्या शेगडीवर, मूल कडेवर असताना कढत काहीही हातात नाही. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरावं. बर्फ, टूथपेस्ट, तेल, पीठ यांतलं काहीही लावू नये, फोड फोडू नये. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांध्यावर भाजलं असेल, अथवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर पाण्याखाली धरून झाल्यावर थेट डॉक्टरकडे.

एवढं करून मुलाने केलेलं काम त्याच्यादेखत पुन्हा केलं, तर सगळं पाण्यात जातं. बटाट्यात गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. पानं मोठी खुडली गेली तर तशीच शिजवावीत. मुलाचं काम खरोखर ताटात आलं पाहिजे. वेगळा गोळा खेळायला देऊन नंतर गुपचूप टाकून देणं मुलं ओळखतात.

आता ताटावरचं बोलणं. मुलाला ‘किती हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तू मटार सोललेस, म्हणून मला तेवढ्यात भात टाकता आला’ असं सांगावं. यात श्रम आणि त्याचा उपयोग दोन्ही येतात. मग मुलालाच विचारावं, आजच्या जेवणातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं होतं, आणि ते कुणी केलं? उत्तर चुकलं तरी चालेल, प्रश्नामुळे नजर तिकडे वळते. मोठ्यांनी एकमेकांचे आभारही मुलांसमोर असेच नेमके मानावेत. एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. आभार मानून खरकटी ताटं तिथेच ठेवून उठणाऱ्या मोठ्यांकडून मुलं तेवढंच शिकतात. जिथे रोजचा स्वयंपाक एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते, तिथे गोड शब्दांआधी कामाची वाटणी व्हायला हवी.

आभार आणि ताट संपवणं यांची गाठ मात्र बांधू नये. ‘आईने एवढं केलं, आता संपव’ किंवा ‘कितीतरी मुलं उपाशी झोपतात’ असं ऐकून मूल खाईल, पण भुकेपेक्षा जास्त, आणि अपराधी वाटून. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही विभागणी अनेक देशांत वापरली जाते. सुरुवातीला वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा एवढंच वाढलं तर टाकलंही कमी जातं. दोन ते सहा या वयात नवा पदार्थ नाकारणं अगदी स्वाभाविक असतं. तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. स्वतः खुडलेली भाजी मूल निदान चाखून बघण्याची शक्यता जास्त. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या ज्या मुलांनी पालकांसोबत स्वयंपाक केला, त्यांनी पालकांनी एकट्यानेच केलेलं जेवण खाणाऱ्या मुलांपेक्षा सॅलड जास्त खाल्लं.

पुरवणीत छापायच्या दोन ओळी कशा असाव्यात, याचा नमुना देते. भरल्या पराठ्याची कृती असेल तर: ‘३ वर्षांपासून: निवलेला बटाटा कुस्करणे. ४ वर्षांपासून: मोजलेल्या पाण्यात पीठ मळणे, कच्चं पीठ चाखू न देणे. मुलांना लांब ठेवा: मिरची चिरताना, तवा तापल्यापासून तो पूर्ण निवेपर्यंत.’ पाककृती लिहून पाठवणाऱ्यांना आधी कळवलं तर ते स्वतःच हे लिहून देतील, संपादकीय विभागावर फारसा भार पडणार नाही. जागा कमी पडली तर वयाची ओळ गाळली तरी चालेल, लांब ठेवण्याची ओळ मात्र कृपया गाळू नये.

आपली,
एक वाचक