हळद रेल्वेने न्यायची तर आधी मालधक्का सुधारा

महोदय,
सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा रेल्वेने न्यावा, हे योग्यच. पण खरी अडचण भाड्याची नाही, चढ-उताराची आहे. ट्रकने पोते दोनदाच हलते. रेल्वेने सहा वेळा: गोदाम, ट्रक, मालधक्का (स्टेशनवर माल चढवण्या-उतरवण्याची जागा), वाघीण (मालगाडीचा डबा) आणि पुढे तोच क्रम उलटा. दर वेळी हमाली, हुकाने फाटलेली पोती, पावसाळ्यात ओल. शिवाय ४२ वाघिणींच्या गाडीला सुमारे २,५०० टन माल लागतो. एवढा एका व्यापाऱ्याकडे एकदम नसतो आणि ठरल्या तासांत गाडी भरली नाही की विलंब आकार लागतो. २० फुटी कंटेनर गोदामातच भरून सील केला, तर धक्क्यावर पोत्याला हात लागत नाही. त्यासाठी जड यंत्र पेलणारे काँक्रीट आणि कंटेनर उचलणारी क्रेन हवी. छोट्या व्यापाऱ्यांचा माल एकत्र करणारे गोदामही धक्क्यालगतच द्यावे.

— एक वाचक, सांगली