सिंहस्थाचे बुकिंग आणि चलानची एपीके

संपादक महोदय,

३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा सुरू होतो. २०२५ मध्ये प्रयागराजला तंबू आणि कॉटेजच्या बुकिंगसाठी बनावट वेबसाइट निघाल्या होत्या. इथेही तसे होणार हे धरूनच चालावे.

खोटी साइट दिसायला हुबेहूब असते, म्हणून देखाव्यावर जाऊ नका, पत्ता वाचा. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत या. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' हवे. 'परिवहन-गव्ह-इन डॉट कॉम' हा कोणाही भामट्याने विकत घेतलेला पत्ता असू शकतो. कुलपाच्या चिन्हाला भुलू नका, ते चोरालाही फुकट मिळते. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितले होते, त्यामुळे बँकेची साइट ओळखणे सोपे झाले आहे. लॉज किंवा भक्तनिवासाला हा नियम लागू नाही. तिथे यूपीआय पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव पाहा. संस्थेऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा आणि तिथल्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

याहून घातक प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी 'आरटीओ चलान' किंवा 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. चलान कधीच एपीकेत येत नाही. ही फाइल इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातात. तुम्ही कोणाला काही सांगावेच लागत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा (फोनगणिक जागा बदलते) आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या तिन्हींची परवानगी बंद करा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आधी करा.

फाइल उघडलीच असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. ॲप निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याचा अधिकार काढून मग ते उडवा. पैसे गेले असतील तर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी), हाताशी ठेवा. रक्कम काही मिनिटांतच अनेक खात्यांत फिरते. जिथे ती सापडेल तिथे गोठवता येते, उशीर झाला तर एटीएममधून निघून जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून बँकेकडून तक्रार क्रमांक जरूर घ्या.

महापालिकेने निवास आणि पार्किंगच्या अधिकृत बुकिंगचे पत्ते आताच जाहीर करावेत. नाशिक रोड स्टेशन आणि ठक्कर बाजार बसस्थानकावर त्यांचे ठळक मराठी-हिंदी फलक लावावेत. त्यावर क्यूआर कोड मात्र नको, त्यावर दुसरा चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक