दत्तास, केजहून

प्रिय दत्ता,

फोनवर सांगायला जमेना म्हणून टाईप करायलोय, लांबलं तर घे सांभाळून. बाळूच्या पोराबद्दल गावात काय काय बोलायलेत ते तुझ्यापर्यंत आलंच असणार. बाहेरचं बिहेरचं काही नाही.

दिवाळीपासनं बदललं रे ते. १२ वर्षांचं लेकरू, पाढे तोंडपाठ, अन एकदम वहीत काही लिहीना, चिडचिड, आईच्या अंगावर ताट फेकलं. मास्तर म्हणले मोबाईलचा नाद. मग हातातनं पेला पडायला लागला, चालता चालता शॉक बसल्यासारखं अंग झटकायचं. आज्जीनं उतारा टाकला, दोन अमावास्या देवऋष्याकडं गेल्या, एका डॉक्टरनं मानसिक म्हणून गोळ्या दिल्या. मी तरी कुठला शहाणा, त्याच्या तोंडावर म्हणलो नाटकं करतो म्हणून.

लातूरला न्यूरोवाल्यानं ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढला तर ठरावीक अंतरानं सारख्याच उंच रेघा, मग पाठीतलं पाणी काढलं, त्यात गोवरच्या अँटीबॉडीज. एसएसपीई म्हणतात, गोवरनं होणारा मेंदूचा आजार. गोवर रे! आपल्याकडं लिंबाचा पाला टाकला की विषय संपला. पण तो विषाणू एखाद्याच्या मेंदूत दडून बसतो अन सहा-सात, कधी दहा वर्षांनी उठतो, दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्याला धोका जास्त. डॉक्टरनं विचारलं तसं वहिनी म्हणली, "आलता की, कारखान्यावर, कोपीत. ११ महिन्यांचं होतं." लसीच्या टायमाला दोघं ऊसतोडीला फडात, आगाऊ उचल घेतलेली, मुकादम सोडतो होय? पट्टा पडून, हंगाम संपून गावी येईस्तोवर गोवर येऊन गेलता.

पूर्ण बरं करणारं औषध नाही. झटक्याच्या गोळ्या चालूयेत, आजार थोडा थोपवायची औषधं असतात, कुणाला लागू पडतात कुणाला नाही. हे दुखणं एकाचं दुसऱ्याला लागत नाही, तरी शेजारची लेकरं येईनात.

तू साखरशाळेवर, ऊसतोडवाल्यांच्या लेकरांत हायेस म्हणून सांगतो, टोळीतल्या लेकरांची लसीची कार्डं बघ. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, अन हुकला असला तरी ५ वर्षांपर्यंत देतात. तिथल्या आशाताईला गाठ, गावाकडं गेल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. तुझ्या धाकटीचं पण बघ, कार्ड सापडत नाही म्हणून सोडू नको.

मला अजून ओळखतं, काका म्हणतं. येताना ऊस आणू नको बरं का, गिळायला जड जायलंय त्याला. केळी आण.

तुझा,
सुभ्या