क्षेत्रकार्याचे पैसे घेऊन सहल घडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेशी अभ्यासक्रम विभाग,
दादर, मुंबई

विषय: नेदरलँड्समधील पर्यावरणीय जलविज्ञानाच्या उन्हाळी अभ्यासक्रमात कबूल केलेलं क्षेत्रकार्य न दिल्याबाबत व शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कार्यालयात नाव नोंदवून मी यंदा जुलैमध्ये नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात पर्यावरणीय जलविज्ञानाचा उन्हाळी अभ्यासक्रम केला. आपल्या माहितीपत्रकात ‘निम्मा वेळ प्रत्यक्ष क्षेत्रकार्य’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि ‘क्षेत्रकार्य व उपकरणे’ या नावाने आपण वेगळी रक्कमही घेतलीत. ते क्षेत्रकार्य मला मिळालं नाही.

मी कुर्ल्यात राहते, मिठी नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या चाळीत पाणी कुठवर चढलं होतं ते ऐकतच मी मोठी झाले. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. त्या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता 50 करायची ठरली. असे आकडे ज्या मोजणीवर उभे राहतात, ती मोजणी मला स्वतःच्या हाताने करायला शिकायची होती. जोरदार सरीनंतर मिठीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं, भरतीच्या वेळी माहीमच्या खाडीकडून ते किती तुंबतं, हाच माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय आहे. आपल्या समुपदेशक मॅडमना मी हे नोंदणीच्या आधीच सांगितलं होतं. ‘मग हा कोर्स तुझ्यासाठीच आहे, तिथे रोज पाण्यात उतरायचंय,’ असं त्या म्हणाल्या होत्या.

पाण्यात आम्ही उतरलो नाही. एका सकाळी शहराबाहेरच्या ओढ्यावर नेलं. तंत्रज्ञाने काठापासून काठापर्यंत फीत ताणली, ठरावीक अंतरांवर खोली मोजली आणि प्रत्येक जागी पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर वेगमापक धरला. प्रत्येक पट्ट्याचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे ओढ्याचा प्रवाह. सांगायला रीत एवढीच. पण तळाशी शेवाळ असलं की वेगमापकाचा पंखा अडकतो, तो ज्यावर बसवलेला असतो तो दांडा जरा तिरका झाला की खोली चुकते, आणि मोजणारा स्वतःच प्रवाहाला आडवा उभा राहिला तर वेग बदलतो. ह्या गोष्टी पाय ओले झाल्याशिवाय कळत नाहीत. मी पुढे होऊन दांडा मागितला, तेव्हा त्या तंत्रज्ञाने आपल्या हातातला कागद दाखवला. आमच्या गटाच्या नावापुढे ‘प्रात्यक्षिक, फक्त पाहण्यासाठी’ असं लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी मी तिथल्या समन्वयकांना भेटले. त्यांनी आपल्या कंपनीने भरून पाठवलेला मागणी अर्ज काढून दाखवला. ‘विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं क्षेत्रकार्य’ आणि ‘उपकरणांचं भाडं’ हे दोन्ही रकाने आपणच रद्द केले होते. समन्वयकांच्या परवानगीने काढलेला त्या अर्जाचा फोटो आणि आपली पावती सोबत जोडली आहे. विद्यापीठाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. तिथल्या प्राध्यापकांनी जे शिकवलं ते मनापासून शिकवलं.

‘जलव्यवस्थापन क्षेत्रभेट’ म्हणून आपण लावलेला दिवस किंडरडाइकच्या पवनचक्क्या बघण्यात गेला. 1740च्या आसपास बांधलेल्या त्या चक्क्या पाहण्यासारख्या आहेत, पण तिथलं तिकीट कोणताही पर्यटक काढू शकतो. ज्या देशाची चौथ्या भागाहून अधिक जमीन समुद्रसपाटीखाली आहे, तिथे बघण्याची गोष्ट जमिनीच्या पोटात असते. बांधाच्या खालून पाणी झिरपून शेतात वर येतं, किनाऱ्याजवळ ते खारंही असतं. हे झिरपणं ओळखण्यासाठी वेगवेगळ्या खोलीच्या दोन नळ्या शेजारी शेजारी रोवतात. खोल नळीतली पातळी उथळ नळीपेक्षा वर दिसली, तर पाणी खालून वर चढतंय असं समजायचं. आमच्याकडे वसई-भाईंदरच्या पट्ट्यात खाऱ्या होत चाललेल्या विहिरी समजून घ्यायला हीच रीत कामाला येईल. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर अशा नळ्यांचा फोटो आहे. प्रत्यक्षात त्या मला बसच्या खिडकीतूनही दिसल्या नाहीत.

दुसरी गोष्ट श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची. युरोपातल्या पद्धतीनुसार नेदरलँड्समध्ये एक श्रेयांक म्हणजे 28 तासांचं काम. आपण पाच श्रेयांकांची गुणपत्रिका मिळेल असं लेखी दिलं होतं. क्षेत्रकार्यच वगळल्यामुळे तेवढे तास भरले नाहीत आणि हातात पडलं ते फक्त उपस्थितीचं प्रमाणपत्र. माझ्या कॉलेजने ते स्वीकारायला नकार दिला आहे. आपल्या कार्यालयाला फोन केला तर ‘सर्टिफिकेट मिळालं आहे ना, मग अडचण काय?’ असं उत्तर मिळालं. अडचण अशी आहे की पावसाळा सरत आलाय, प्रबंधासाठी मिठीच्या नोंदी घ्यायचा हंगाम हातातून चाललाय, आणि ज्या शिक्षणासाठी आईने दागिने गहाण ठेवले ते शिक्षण मला मिळालेलं नाही.

क्षेत्रकार्य व उपकरणांसाठी घेतलेली संपूर्ण रक्कम मला परत करावी, आणि श्रेयांक न मिळाल्याच्या प्रमाणात मूळ शुल्कातूनही परतावा द्यावा. रकाने कोणी आणि का रद्द केले, याचा लेखी खुलासा करावा. पुढच्या वर्षीची नोंदणी आपण सुरू केली आहे आणि माहितीपत्रक तेच आहे. त्यातला ‘निम्मा वेळ क्षेत्रकार्य’ हा दावा आजच काढावा. नाशिक-साताऱ्याकडची मुलंमुली तो वाचून कर्ज काढतील.

आपण शिक्षणसंस्था नाही, पैसे घेऊन सेवा विकणारी कंपनी आहात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींविरुद्ध दाद मागता येते, तीही मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आणि परताव्याची तारीख कळवावी. तसं न झाल्यास मी आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
(सही)
कुर्ला (पश्चिम), मुंबई