सदस्यांसाठी सूचना : रविवारची निसर्गफेरी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आपली पावसाळी फेरी आहे. सकाळी साडेसहाला मुख्य फाटकाशी जमायचं. आयआयटी मुंबईच्या आवारातून पवई तलावापर्यंत चालत जाऊ. गमबूट किंवा बंद बूट हवेतच, छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

तलाव १८९१ सालचा, आणि त्यात मगरी आहेत. फोटोसाठी काठावर उतरायचं नाही. पावसात पाणी गढूळ असतं, दोन हातांवरची मगरही दिसत नाही.

या दिवसांत वसतिगृहांच्या भिंतींवर अ‍ॅटलास पतंग बसलेला सापडतो. पंख एवढे मोठे की आधी वाळकं पानच वाटतं. मायेपोटी कुणी त्याला साखरपाणी ठेवतं, खोलीत नेतं. कृपया असं करू नका. त्याला खायला तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो, आणि खोलीतल्या एका रात्रीत त्याच्या आयुष्याचा मोठा तुकडा जातो. बाहेरचा दिवा मात्र जरूर मालवा.

क्वार्टर्समधल्या लिंबाच्या झाडावर अळ्या दिसल्या तर औषध फवारू नका. त्यांतूनच ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू, बाहेर पडतं. थोडी पानं गेली तर जाऊ द्या.

माकडांना खाऊ नको, आणि ओला कचरा उघड्यावर नको. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. बिबट्या दिसलाच तर गटावर जागा न टाकता आधी सुरक्षा विभागाला फोन करा. गर्दी जमली की तो बिथरतो.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवावं.