बंधारा पाण्याखाली जाणारच. बरगे कधी निघाले ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस चार दिवस लागून राहिला की ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ हा मथळा ठरलेला. त्याखाली पंचगंगेवरच्याच शिंगणापूर, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी यादी. वाचणाऱ्याला वाटावे, एकेक बंधारा हरत चालला आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मुळात बुडावा म्हणूनच ठेंगणा बांधतात. पूर त्याच्या गाळ्यांतून, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या वाटांतून, आणि डोक्यावरून जाऊ द्यायचा, पूर ओसरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून गाळे बंद करायचे आणि मागून येणारा प्रवाह अडवायचा, एवढेच त्याचे काम. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. बंधारा त्याच्या कितीतरी आधी दिसेनासा होतो. त्यावरून ये-जा करणाऱ्यांना ही बातमी हवीच, पण ती वाहतुकीची.

आपल्याकडे नदीच कालवा आहे. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे पाणी भोगावतीत सुटते, कुंभी, कासारी, तुळशीच्या पाण्यासह पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेवरचे बंधारे म्हणजे पायऱ्या. एकाचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, वरच्याच्या पायथ्याकडे सरकतो आणि काठावरच्या उपसा योजना त्यातून पाणी उचलतात. परदेशातल्या कालव्यांवर बोटी चढवायला लॉक, म्हणजे दरवाजे लावलेले पाण्याचे हौद, असतात, त्यांचीच ही चुलत भावंडे. इथे चढायचे असते उसाच्या पाण्याला.

सगळी मदार बरग्यांवर. साधारण दोन मीटर लांब, अर्धा मीटर उंच पत्र्याचा बरगा खांबांतल्या उभ्या खाचांत सोडतात, एकावर एक. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधल्या पोकळीत चिकण माती ठासायचे. लाकूड फुगून फटी बुजत, पण कधी ओले कधी कोरडे राहून ते कुजे. पाणी उतरले की वरची माती वाळून तडकत असे. आता रबरी पट्टीचे लोखंडी बरगे आहेत. त्यांचे शत्रू दोन, गंज आणि भंगारवाला.

ऑक्टोबरात बरगे घालताना घाई नडते ती तळाशी. पावसाळ्यात खाचेत वाळू, दगड, झाडाच्या फांद्या अडकतात. गाळ्याच्या तळाशी असलेल्या उंबऱ्यावर मुठीएवढा दगड राहिला तर सगळ्यात खालचा बरगा तिरका बसतो आणि त्यावरचे सगळेच तिरके. म्हणून आधी खाच खरवडायची, उंबरा झाडायचा, रबर तपासायचे, मग पहिला बरगा. फट किरकोळ वाटते म्हणून हिशेब देतो. तीन मीटर पाण्याखाली, दोन मीटर लांबीची, फक्त दोन मिलिमीटरची फट सेकंदाला साधारण १८ लिटर पाणी सोडते. म्हणजे दिवसाला सुमारे १६ लाख लिटर, आणि तेही एका गाळ्यातून. दहा अश्वशक्तीचा पंप ३० मीटर उंचीवर जवळपास तेवढेच पाणी चढवतो.

पावसाळ्याआधी बरगे काढणे घालण्यापेक्षा अवघड, आणि खरी गोम तिथेच आहे. चार मीटर पाण्यात सगळ्यात वरच्या बरग्यावर पाव टन दाब असतो, तर तळाच्या बरग्यावर पावणेचार टन. हा दाब बरग्याला खाचेच्या कडेवर रेटून धरतो. त्यानेच गळती थांबते आणि त्यानेच बरगा हलत नाही. घासण्याचा अडथळा दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धरला तरी स्वतःच्या वजनाखेरीज सव्वा टनाची ओढ लागते. पनामा कालव्याच्या लॉकमध्ये दरवाजा हलवण्याआधी दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर आणतात. बरग्याला ती सोय नाही. पाणी उतरवत वरून एकेक थर काढणे हाच मार्ग. चेन पुलीचे दोन्ही हूक एकसारखे ओढले नाहीत तर बरगा अर्ध्यावर तिरका होऊन फसतो, जुन्या लाकडी कपाटातल्या खणासारखा. तेवढ्यात वरून लोंढा आला की तो तिथेच राहतो.

फसलेले बरगे म्हणजे नदीत उभी भिंत. ओंडके, केंदाळ तिला येऊन अडकतात, पाणी वाट बदलून काठाकडच्या भिंतीला वळसा घालते आणि माती कापत बगल फोडते. बंधारा शाबूत, नदी शेजारच्या शेतातून, असा प्रकार त्यातूनच होतो. म्हणून मधल्या गाळ्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे धार पात्राच्या मध्यावर राहते. एक गाळा तळापर्यंत रिकामा न करता सगळीकडे एकेक थर उतरवावा. नाहीतर एकाच ठिकाणी पडणारे पाणी खालची फरशी उखडून पायाखालची माती नेते.

क्रमही महत्त्वाचा. आधी शिरोळ, मग तेरवाड, इचलकरंजी असे खालून वर यावे. वरचा साठा एकदम सोडला तर तो खालच्या, अजून बंद असलेल्या बरग्यांवर आदळतो. शिवाय उन्हाळाभर तळाशी साचलेले प्राणवायू संपलेले काळे पाणी एका झटक्यात खाली गेले की मासे मरतात. हळूहळू, वरून पडू देत सोडले तर पाण्यात थोडी तरी हवा मिसळते.

आपल्या वार्ताहरांनी मे अखेरीस बंधारानिहाय एवढे विचारावे: एकूण गाळे किती, किती गाळ्यांचे बरगे पूर्ण निघाले, किती फसले, काढलेले बरगे मोजून कुठे ठेवले. हा तक्ता मृगाच्या आधी छापावा. ऑक्टोबरात त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, रबर बदललेल्या बरग्यांचा.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर